रंगनाथमामांचं बोट आणि माझा काटा

सोमवार, १ नोव्हेंबर १९७१

बसवले एकदाचे! दोन्ही इलेक्ट्रोड, तीन नंबरच्या पॅनमध्ये. सकाळी सातपासून दुपारी दोनपर्यंत त्या भांड्याच्या पोटात वाकून होतो. पाठीचा पार कणा मोडला.

काल विजयमालाला समजावून सांगायला बसलो होतो. पॅन म्हणजे साखरेचा पाक शिजवायचं बंद भांडं, आपल्या क्वार्टरएवढं. त्यात दोन इलेक्ट्रोड सोडायचे, त्यांच्यामधून पाकातून थोडीशी वीज जाते. पाक पातळ तर वीज जास्त, घट्ट होत गेला की कमी. बाहेर मीटरचा काटा त्याप्रमाणे खाली येतो. ठरलेल्या खुणेला आला की रिले, म्हणजे विजेचं आपोआप चालणारं बटण, लागतो, रिले हवेच्या दाबानं व्हॉल्व्ह उघडतो, आणि साखरेची पूड आपोआप आत जाते. त्या पुडीभोवती दाणा धरतो. ती पोळी उलटत म्हणाली, "म्हणजे पातेल्यात दोन चमचे सोडायचे आणि पाक झाला की चमच्यांनीच हाक मारायची." आयटीआयची दोन वर्षं आणि पुण्याची सहा वर्षं खर्चून मी जे शिकलो ते हिनं एका पोळीत आटोपलं.

संध्याकाळी पाळी सुटताना रंगनाथमामा आले. हेड पॅनमन. बावीस वर्षं पाक शिजवतायत. हातात कुंकवाची पुडी. मला वाटलं इलेक्ट्रोडला लावतील, तर बोट बुडवून सरळ मीटरच्या काचेवर, बरोबर चाळिसाच्या आकड्यावर! म्हणाले, "नवं जनावर दारात आलं की कुकू लावत्यात. रुसलं तर तुलाच जड जाईल."

बुधवार, ३ नोव्हेंबर

कुंकू पुसलं. मामा घरी गेल्यावर.

९ नोव्हेंबर

रिले इतक्यात जोडायचा नाही. चीफ केमिस्ट निसळसाहेबांचं म्हणणं — आधी काट्याला शिकवा. पाक कुठल्या खुणेला तयार होतो ते पुस्तकात मिळणार नाही, आपल्या उसाचं आपल्याला ठरवावं लागेल. ते ठरवणार कोण? मामा. मामा 'आता' म्हणतील त्या क्षणी काटा कुठं आहे ते मी वहीत लिहायचं. दोन महिने. म्हणजे मी सध्या मामांचा कारकून!

पण बघण्यासारखं आहे हो. पॅनच्या पोटाला पितळी नळी आहे. तिच्यातून सळई आत घालून फिरवतात, काढतात, तर खाचेत चमचाभर पाक. तो काचेच्या पट्टीवर ओततात, पट्टी उजेडाला धरतात. मग अंगठा आणि शेजारचं बोट पाकात टेकवून उघडतात. मध्ये तार. ती कुठवर लांबते, कशी तुटते, एवढ्यावर सगळं. लवकर पूड सोडली तर ती विरघळून जाते. उशीर झाला तर भलताच बारीक दाणा पडतो, पॅन वाया.

"आता," म्हणाले. बेचाळीस. पुढच्या पॅनला त्रेचाळीस. तिसऱ्याला पुन्हा बेचाळीस. काटा त्यांना दिसू नये म्हणून मी मीटरला आडोसा करून उभा होतो. थक्क झालो.

मी विचारलं, नेमकं कळतं कसं? म्हणाले, "तुला भूक लागल्याली कशी कळती? कोनी काटा लावलाय तुज्या पोटाला?"

त्यांचा मदतनीस छगन खवचट. त्यानं हळूच सोडून दिलं, "मामा, काटा शिकला का तुमाला घरी बसवत्याल." मामांनी सळई दोनदा पुसली, मग पुन्हा नळीत घातली. निवृत्तीला तीन वर्षं उरलीत. नोकरी गेली की क्वार्टर गेलं, आणि गावाकडं घर नाही. मी सांगितलं, काटा फक्त दाखवणार, शिजवणार तुम्हीच. "आसंल," म्हणाले.

२३ नोव्हेंबर

सलग दोन आठवडे एक्केचाळीस ते त्रेचाळीस. माणूस आहे की काय आहे!

४ डिसेंबर

लढाई सुरू झाली. कँटीनमध्ये रेडिओभोवती ही गर्दी. कारखाना चालूच.

सोमवार, १३ डिसेंबर

डोकं फिरायची वेळ आली. परवापासून थंडी मी म्हणतेय, आणि तेव्हापासूनच काटा बिघडला. मामा 'आता' म्हणतात तर सत्तेचाळीस. मग चव्वेचाळीस. मग पन्नास! आज पॅन रिकामा झाल्याबरोबर इलेक्ट्रोड काढले. मळ बसला होता थोडा. तेजाबानं धुतले, घासले, अर्थिंग पुन्हा केलं, वायर बदलली. बसवले. एकोणपन्नास.

तयार झालेली साखर तेवढी ठीक निघतेय, कारण पूड सोडली तरी मामा पुढं तासभर पॅन सांभाळून घेतात. पण रिले थोडाच सांभाळून घेणार आहे? त्याला एक आकडा द्यायचाय.

छगन म्हणाला, "हांडेभाऊ, तुमच्या काट्याला हिव भरलं." सगळे हसले. मीही हसलो, पण मनातून त्याला एक ठेवून दिली.

१५ डिसेंबर

मीटर लॅबमध्ये नेलं. मिठाचं ठरलेल्या मापाचं पाणी तीन बाटल्यांत केलं. तिन्हींत इलेक्ट्रोड बुडवले. जो आकडा यायला हवा तोच आला. एकदा नाही, चार वेळा. थंड पाण्यात, कोमट पाण्यात. काटा केसभरही चुकत नाही.

मग चुकतंय कोण? पुढचं वाक्य लिहवत नाही. यंत्र तपासायला मिठाचं पाणी आहे. माणूस कशानं तपासायचा?

रविवार, १९ डिसेंबर

आज जे पाहिलं ते विजयमालालाही सांगितलेलं नाही.

दुपारी चारला पाळी सुटल्यावर मामा आणि मी मागं पाणी गार करायच्या कारंज्यांपाशी बसलो होतो. त्यांनी विडी पेटवली. त्यांच्या लहानपणी गोदावरीला पूर आला होता, त्याची गोष्ट चालली होती — वाहत आलेली गाय त्यांच्या वडलांनी कशी काढली. सांगता सांगता हातातली विडी ओढायची राहून गेली. मला वास आला. आधी वाटलं, पलीकडं कुणी केस जाळतंय. पाहतो तर विडी जळत जळत बोटांना भिडलेली. चामडी काळी पडत होती! आणि मामा सांगतायत, "तिची शेपटी धरली आन्—"

मी त्यांच्या हातावर फटका मारला. विडी पडली. त्यांनी विडीकडं पाहिलं. मग माझ्याकडं. मग हात खिशात घातला आणि उठून गेले. गोष्ट अर्धीच राहिली.

२० डिसेंबर

मामा स्वतःच घरी आले, दुपारी, मी पाळीवर नव्हतो तेव्हा. विजयमाला चहा ठेवायला आत गेल्यावर म्हणाले, "दोन हंगाम झालं. आधी मुंग्या यायच्या बोटाला. मंग मुंग्याबी गेल्या."

सदऱ्याची बाही वर केली. कोपराच्या वर फिकट चट्टा, कलदार रुपयाएवढा. "हितं सुई घातली तरी कळत न्हाई. तुज्या मामीला, मुक्तालाबी ठावं न्हाई हे."

रोगाचं नाव त्यांनी घेतलं नाही. मीही नाही.

मी विचारलं, मग 'आता' कसं म्हणता? म्हणाले, "डोळ्यानं. थेंब काचंवरनं कसा सरकतो, त्येच्यावर. तार वढायची ती लोकांसाठी."

तेव्हा उलगडा झाला! थंडीत काचेची पट्टी गार. पाक तिच्यावर पडल्या पडल्या घट्ट होतो. डोळ्याला वाटतं तयार झाला, आत पॅनमध्ये अजून पातळच. बोटांना कळलं असतं. हे सांगितलं तर त्यांनी आपला हात उलटासुलटा करून पाहिला. "म्हंजी थंडीनं दगा दिला," म्हणाले. त्यांना स्वतःलाच ठाऊक नव्हतं की आपण चुकतोय. मला वाटलं उगाच सांगितलं.

डॉक्टरकडं चला, मी म्हटलं. यात लाजायचं काय, रोग आहे, औषध असतं, निसळसाहेबांना सांगून टाका. भराभरा बोललो. ते म्हणाले, "डाक्टर एकदा कागदावर नाव लिव्हतो. मंग त्यो कागद सगळं गाव वाचतं. साखर लोकं खात्यात, गोरख. माजा हात पाकात हाय म्हनल्यावर मला फाटकाच्या आत तरी घेत्याल का? झाकली मूठ हाय तवर सव्वा लाखाची. तीन वर्सं निघू दे."

कुणाला सांगणार नाही असं मी कबूल केलं.

ते गेल्यावर विजयमालानं त्यांचा कप आमच्या कपांबरोबरच विसळला. तिला काही ठाऊक नाही. मी मात्र तो कप कुठं ठेवला ते बघून ठेवलं. ठेवलं, हे खरं. लाज वाटते लिहायला.

२८ डिसेंबर

निसळसाहेबांनी आकडा मागितला. पाच तारखेला दोन डायरेक्टर बघायला येणार, त्यांच्यासमोर रिले चालवून दाखवायचा.

मला आकडा ठाऊक आहे. बेचाळीस. नोव्हेंबरातल्या खुणा खऱ्या, थंडीनंतरच्या खोट्या. पण थंडीतल्या गाळल्या तर साहेब पहिला प्रश्न विचारणार — का गाळल्या? वही त्यांनी पाहिलेली आहे. काय सांगू? मामांचं बोट?

सगळ्या खुणांची सरासरी काढली. पंचेचाळीस. साहेबांनी वहीवर नजर टाकली, म्हणाले, "ठीक." सरासरी ही फार सोयीची चीज आहे. तिच्याआड कुणालाही लपवता येतं.

तीन आकड्यांनी काय एवढं बिघडणार, असं स्वतःला सांगतोय.

बुधवार, ५ जानेवारी १९७२

बिघडलं.

डायरेक्टर आले, नारळ फुटला. काटा पन्नासवरून खाली यायला लागला. एकोणपन्नास, अठ्ठेचाळीस... सगळे श्वास रोखून. पंचेचाळीसला रिले टक् वाजला, हवा सुटली, व्हॉल्व्हनं आपलं आपण तोंड उघडलं. कुणाचा हात लागला नाही. टाळ्या पडल्या. एक डायरेक्टर माझी पाठ थोपटून गेले. जन्मभर ज्या क्षणाची वाट पाहिली तो आला, आणि मला टाळ्यांकडं तोंड करवेना.

पूड विरघळली. दाणा धरलाच नाही. काट्याच्या कामात हात घालू नका असं मामांना बजावून ठेवलेलं, म्हणून ते बाजूला उभे. पाक घट्ट होत होत गेला आणि मग एकाएकी सगळ्या पॅनभर रव्यासारखा भलताच दाणा! सगळा पॅन पुन्हा पाण्यात विरघळवायला लागला.

निसळसाहेब मला म्हणाले, "हांडे, हे काढून टाका उद्या." मग डायरेक्टरांकडं वळून म्हणाले, "आमच्या रंगनाथमामांचा हात बावीस वर्षांत चुकला नाही. यंत्राला ते कुठून येणार?"

मामा तिथंच होते. हात मागं बांधून उभे.

यंत्राला मी खोटं सांगितलं. त्यानं ते खरं मानलं आणि चोख केलं. शिव्या मात्र त्यानं खाल्ल्या. मला तोंड उघडता आलं असतं. नाही उघडलं.

६ जानेवारी

सकाळी इलेक्ट्रोड काढायला पाने-पकड घेऊन निघालो होतो. साहेबांच्या केबिनवरून जाताना आत मामा दिसले. हातात टोपी. मला पाहून म्हणाले, "ये गोरख, आत ये. तुज्यासमोर बोलतो."

साहेब फायलीत होते. मामा म्हणाले, "सायेब, काट्याचा दोष न्हाई." साहेबांच्या टेबलावर टाचण्यांची उशी असते. तीतली एक टाचणी मामांनी उचलली आणि उजव्या अंगठ्यात घातली. पार अर्धी. चेहऱ्यावर काही नाही. ती तशीच ठेवून हात टेबलावर ठेवला.

"दोन हंगाम झालं, मला कळत न्हाई. ह्या पोरानं मला झाकायला आकडा बिघडवला. त्येला काई म्हनू नका."

साहेबांनी फाईल मिटली. मग उठले, स्वतःच्या हातानं ती काढली, रुमाल काढून अंगठ्याला बांधला. शिपायाला तीन चहा सांगितले. मग मला विचारलं, "कुठल्या खुणा खऱ्या?"

"अकरा डिसेंबरच्या आधीच्या."

"मग मूर्खासारखी सरासरी का काढलीस?" उत्तरासाठी थांबले नाहीत. ते म्हणाले, "यंत्र राहू दे जागेवर."

मामांना रजेवर पाठवलं, डॉक्टरचा कागद येईपर्यंत. त्यांचं पुढं काय, ते मॅनेजिंग डायरेक्टर ठरवणार.

७ जानेवारी

केबिनच्या भिंती पत्र्याच्या. दुपारपर्यंत सगळ्या कारखान्याला कळलं. महारोग. आज पहिल्यांदा हा शब्द ऐकला, तोही छगनच्या तोंडून. "बावीस वर्सं एका जागी पानी पितोय आमी. माज्या घरी लेकरं हायती." पॅनपाशी मामांचा पितळी तांब्या असायचा, तो कुणीतरी राखेच्या ढिगावर फेकून दिलाय. मी जाऊन उचलून आणला. माझ्याच कपाटात ठेवला. घरी न्यायला मात्र धजलो नाही.

सोमवार, १० जानेवारी

मामांबरोबर डॉक्टरकडं गेलो. कोपरगावला दर सोमवारी येतात. बाहेर रांग, सगळे एकमेकांकडं पाठ करून उभे.

डॉक्टरांनी तपासलं ते बघून मी चकितच झालो. कापसाची वात. मामांना डोळे मिटायला लावले, म्हणाले, जिथं लागेल तिथं बोट ठेवा. लागलं, ठेवलं. लागलं, ठेवलं. लागलं — मामा तसेच डोळे मिटून बसलेले, पुढच्या स्पर्शाची वाट बघत. तो होऊन गेला होता. मिठाच्या तीन बाटल्या घेऊन मी तरी दुसरं काय केलं?

कुष्ठ. पण औषध आहे, पांढऱ्या गोळ्या, काही वर्षं रोज घ्यायच्या. हात वाकडा व्हायच्या आत आलात हे बरं झालं, म्हणाले. मामांनी विचारलं, "सायेब, माज्या हातच्या साकरेतनं कुनाला हुतो का हो?" डॉक्टर म्हणाले, नाही होत. हात लावून तर होतच नाही, वर्षानुवर्षं जवळ राहूनसुद्धा शंभरातल्या पंच्याण्णवांना होत नाही. आणि गोळ्या सुरू झाल्यावर भीती आणखी कमी. तसा कागद लिहून देतो.

परतीच्या एस.टी.त मामा म्हणाले, "मुक्ताला रजेच्या दिशीच सांगितलं. ती म्हनली, मला ठावं हुतं. भाकरी मोडताना तुमचं बोट पोळलं आन् तुमी बगितलंबी न्हाई, तवापसून." दोघंही एकमेकांना झाकून होते!

शुक्रवार, १४ जानेवारी

संक्रांत. कारखान्यात सगळे एकमेकांना तिळगूळ देतायत. मामा रजेवर, पण दुपारी फाटकाशी आले, डबा घेऊन. दरवर्षी मुक्तामामी आख्ख्या पाळीला पुरतील एवढे लाडू करतात. आत येऊ दिलं नाही म्हणून फाटकाबाहेरच उभे. लोक कडेकडेनं जात होते. कुणी तोंडावर 'नको' म्हणत नाही, सगळ्यांना घाई.

मला पाहून त्यांनी लाडू पुढं केला. "गोड बोल रे गोरख."

माझा हात थांबला. क्षणभरच. डॉक्टरांचं बोलणं ऐकून आलेला मी, मिठाच्या पाण्यानं जग तपासणारा मी! लगेच घेतला, तिथंच खाल्ला, आणखी एक मागून घेतला. पण त्यांनी पाहिलं होतं.  डबा बंद करून म्हणाले, "जा, पाळी सुरू हुईल."

संध्याकाळी घरी आलो तर विजयमाला इरकली नेसून निघालेली. कुठं? "मुक्तामामींकडं हळदीकुंकू आहे." मी म्हटलं, सगळ्यांना कळलंय आता, कुणी येणार नाही तिथं. ती म्हणाली, "म्हणून तर जाते." तासाभरानं आली, कपाळभर कुंकू, हातात वाण, ओटीत बोरं. तिच्याशिवाय फक्त एक केशरबाई आली होती, गोणी शिवणारी. तिघींनी बसून सगळे लाडू संपवले म्हणे.

या घरात शहाणं कोण आहे ते आज कळलं.

१९ जानेवारी

निसळसाहेब काल दोन तास मॅनेजिंग डायरेक्टरांकडं बसून होते. बाहेर आले तेव्हा कान लाल झालेले. निकाल — मामा राहणार! पाकाला हात लावायचा नाही. काट्यासमोर बसून पॅन चालवायचा. तार छगन बघणार. अट एकच, पॅन विभागातल्या प्रत्येकाची तपासणी करून घ्यायची.

छगन कुरकुरेल असं वाटलं होतं. कुरकुरलाच. मग डोकं खाजवत म्हणाला, "पर मामा न्हाईत तं पॅन मलाच बगावं लागंल. आन् मला तेवढं येत न्हाई." हा त्याचा मोठेपणा म्हणावा की अडचण, कोण जाणे. चालेल. मला कुठला मोठेपणा आहे?

मंगळवार, २५ जानेवारी

आज पाहिलेलं लिहून ठेवतो, विसरायला नको.

गेले पाच दिवस मामा छगनच्या बोटांना शिकवतायत. पट्टी आधी पॅनच्या अंगावर टेकवून कोमट करून घ्यायची, हा नवा नियम मामांचाच. छगन तार ओढतो, मामा विचारतात, "गार लागती का उबदार? बोटाला चिकाटती का सुटती? तुटताना झटका देती का?" जे त्यांना स्वतःला दोन वर्षं जाणवलं नाही ते दुसऱ्याच्या बोटातून विचारून घेतायत. आणि छगन, बोलघेवडा छगन, डोळे मिटून आठवून आठवून सांगतो. छगनची खूण — बेचाळीस, बेचाळीस, एक्केचाळीस.

आज रिले बेचाळिसाला लावला. कुणाला बोलावलं नाही. टक् वाजला, हवा सुटली. पंधरा मिनिटांनी छगननं पट्टी उजेडाला धरली आणि मामांसमोर नेली. सगळीकडं सारखा, टपोरा दाणा. मामा म्हणाले, "बरं हाय."

मग मला म्हणाले, "ह्ये बोट तुज्याकडंच ऱ्हाऊ दे आता." काट्याला म्हणाले ते. मी उगाच पाना शोधत बसलो.

तांब्या परत दिला. छगन बघत होता. थोड्या वेळानं त्यानंच तो भरून आणून मामांजवळ ठेवला. स्वतः त्यातलं प्यायला नाही. पण भरून आणला.

शनिवार, २९ जानेवारी

मंगळवारी तपासणी. कँटीनशेजारच्या खोलीत. माणसं आत्तापासून पळवाटा काढतायत. एकाची आजी आजारी, एकाला नेमकी त्याच दिवशी तिसगावच्या बाजारात बैल बघायला जायचंय. चट्टा निघाला तर बायको नांदेल का, पोरीचं जमलेलं लग्न राहील का — याच गोष्टी. निसळसाहेब म्हणाले, कुणीतरी आधी बसलं की बाकीचे येतील. मी म्हटलं, मी बसतो पहिला. संक्रांतीचं थोडं तरी फेडता येईल.

मंगळवार, १ फेब्रुवारी

पहिला बसलो. दाराशी सगळे गोळा झालेले, मामाही. सदरा काढला, डोळे मिटले. खांद्यावर कापूस लागला, बोट ठेवलं. मग बराच वेळ काहीच नाही. मला वाटलं, डॉक्टर लिहीत असतील. डोळे उघडले तर त्यांच्या हातात कापूस तसाच. "पाठीवर चार ठिकाणी लावला," हळूच म्हणाले, दाराकडं पाठ करून. "तीन-चार वर्षांचं जुनं असेल." तेव्हा मी पुण्याला होतो. मामांना पाहिलंही नव्हतं.

घरी आलो. विजयमाला तांदूळ निवडत होती. म्हणाली, "झालं का? कितीदा लावतात हो तो कापूस?"

मी म्हटलं, एकदा.